चोपता-तुंगनाथच्या वाटेवरचं हे झाड देवदार की फर? ओळख पटवायला मदत हवी

विजापूररोड | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही सोलापूरची काही टाळकी उत्तराखंडातल्या चोपता-तुंगनाथला जाऊन आलो. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, मग हरिद्वार, उखीमठ, चोपता. प्रवासवर्णन लिहीत नाही, ती इथे भरपूर आहेत. प्रश्न झाडाचा आहे.

चोपत्याच्या आसपास आणि तुंगनाथच्या फरसबंद वाटेच्या सुरुवातीला एक उंचच्या उंच, काळपट हिरवं, सरळसोट झाड सगळीकडे दिसतं. आमच्यातले निम्मे त्याला देवदार म्हणत होते. जीपवाला रागा म्हणाला, होमस्टेच्या मालकाने मोरिंडा सांगितलं आणि दिल्लीच्या एका ट्रेकरने नुसतं पाइन म्हणून विषय संपवला.

फोटो १ आणि २ चोपत्याच्या थोडं खालचे. फांदी हातात धरून काढलेत. सुया चपट्या, लांब, वरून चकचकीत हिरव्या. उलट्या केल्या की मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढुरका पट्टा. डहाळी गुळगुळीत. फोटो ३ आणि ४ बरेच वरचे, देवळाच्या अलीकडे जिथे झाडं विरळ होत जातात तिथले. इथली झाडं बुटकी, सुया आखूड आणि खालचे पट्टे जास्त पांढरे. शेंड्याजवळच्या फांद्यांवर गडद जांभळट शंकू उभे होते. लटकलेले नव्हेत, उभे. फोटो ५ मधला अख्खा शंकू होमस्टेच्या खिडकीत ठेवलेला होता.

प्रश्न दोन: हे झाड कोणतं, आणि खालचं नि वरचं एकच की वेगळं?

---

शेंगाचटणी | १४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

काय राव, आपल्या हिकडं झाड म्हंजे बाभूळ न्हाई तर लिंब. लैच झालं तर सिद्धेश्वर तळ्याकडचा वड. तिथं जाऊन सुया कसल्या मोजलालाव? फोटो मात्र एक नंबर.

---

कोरडवाहू | १४ ऑक्टोबर, रात्री १०.३१

देवदारच आहे, शंका नको. हिमालय, थंडी, निमुळता शेंडा, सरळ खोड. मनालीला हिडिंबा मंदिराभोवती हेच आहेत. आणि देवदाराचे शंकूसुद्धा फांदीवर उभेच असतात, म्हणजे फोटो ४ जुळतोच.

---

रानवाटा | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.१८

कोरडवाहू, हिडिंबा मंदिराभोवतीचे देवदार आहेत हे खरं. फोटोतलं झाड मात्र देवदार नाही. फर आहे, म्हणजे एबिस वंशातलं. नोकरीनिमित्त बरीच वर्षं हिमाचलात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सूचिपर्णी झाडं लांबून आकारावरून ओळखायला गेलं की घोटाळा ठरलेला. तरुण देवदार, तरुण फर आणि तरुण स्प्रूस तिन्ही निमुळती. म्हातारपणी प्रत्येकाचा आकार वाऱ्यावर, बर्फावर आणि शेजाऱ्यांच्या गर्दीवर ठरतो. म्हणून आधी डहाळी हातात घ्यायची.

सुया डहाळीला कशा लागल्यात ते बघा. दोन-तीन-पाच सुयांचा जुडगा एका आवरणातून निघत असेल तर पाइन. चीडच्या जुडग्यात तीन सुया, कैलच्या जुडग्यात पाच. हे पोरंसुद्धा मोजू शकतात. जुन्या डहाळीवर बुटके खुंट आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला वीस-तीस सुयांचा गोल गुच्छ असेल तर देवदार. देवदाराच्या कोवळ्या लांब फांदीवर सुया सुट्या असतात आणि तिथेच लोक फसतात, म्हणून नेहमी मागच्या वर्षांची डहाळी बघावी.

प्रत्येक सुई सुटी, एकेकटी असेल तर उरतात स्प्रूस, फर आणि थुनेर, म्हणजे हिमालयी यू. आता एक सुई चिमटीत धरून फिरवा. सहज फिरली तर स्प्रूस, कारण त्याची सुई चौकोनी असते. न फिरता आडवी पडली तर ती चपटी, म्हणजे फर किंवा थुनेर. मग सुई उपटून बघा. फरच्या डहाळीवर मागे गोल, सपाट, स्वच्छ वण राहतो आणि सुया गळून गेलेली जुनी डहाळीही बोटाला गुळगुळीत लागते. स्प्रूसची सुई जिथे बसते तिथे लाकडाचा छोटा खुंटा असतो. सुई गळाली तरी तो राहतो, म्हणून डहाळी खरखरीत लागते. रात्री टॉर्च नसतानाही हा फरक कळतो.

फोटो २ मध्ये डहाळीचा जो भाग उघडा पडलाय तिथे गोल वण स्पष्ट दिसतात. सुया चपट्या, खाली दोन पट्टे. सुईचं टोक मोठं करून पाहिलं तर मध्ये किंचित खाच आहे, दोन दाते पडल्यागत. एवढं पुरे.

नावांच्या भानगडीत फार पडू नका. हिमाचलात रई म्हणजे स्प्रूस आणि तोष म्हणजे फर. गढवालात रागा म्हणतात ते फर. मोरिंडा हे नाव कुठे फरला, कुठे स्प्रूसला लावतात. जीपवाला आणि होमस्टेवाला दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चुकला तो दिल्लीवाला.

---

कोरडवाहू | १५ ऑक्टोबर, सकाळी ११.५०

सुयांचं पटलं. पण शंकूचं उत्तर दिलं नाहीत, काका. देवदाराचा शंकूही उभा असतो आणि झाडावरच सुटा होतो. मग शंकूवरून फर कसं ठरवायचं?

---

रानवाटा | १५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

प्रश्न रास्त आहे. फरचे शंकू उभे आणि बाकीच्यांचे लटकणारे, असं पुस्तकी वाक्य पाठ करून लोक देवदाराला फर ठरवतात.

दोघांचे शंकू फांदीच्या वरच्या अंगाला उभे राहतात आणि पिकले की खवले सुटे होऊन गळतात. फरक असे. देवदाराचा शंकू ठेंगणा, पोट सुटलेला, डोकं सपाट. तो पिकायला वर्ष उलटतं, त्यामुळे झाडावर वेगवेगळ्या वयाचे शंकू एकाच वेळी दिसू शकतात. फरचा शंकू लांबट, दंडगोल, तरुणपणी गडद जांभळा. पश्चिम हिमालयातल्या फरचा साधारण ९ ते १७ सेंटीमीटर लांब. वसंतात परागण होतं आणि त्याच वर्षी शरदात तो सुटा व्हायला लागतो. देवदाराचं परागण उलट शरदात. दसऱ्याच्या आसपास देवदाराखाली उभं राहून कपडे पिवळे झाले असतील तर तो पराग.

शंकू सुटला की फांदीवर मधला आस तेवढा ताठ उभा राहतो, मळणी झाल्यावर बाजरीच्या कणसाची दांडी उरते तसा. हिवाळ्यात दुर्बिणीतून या उघड्या दांड्या दिसल्या आणि खाली सुट्या सुया असतील तर फर पक्कं.

यातून एक सोपी युक्ती हाती लागते. फरच्या झाडाखाली अख्खा शंकू सहसा सापडत नाही. सापडतात ते सुटे खवले आणि पंखवाल्या बिया. एखादा वादळाने पडतो, एखादा खारीने तोडलेला असतो, तो भाग वेगळा. झाडाखाली अख्ख्या शंकूंचा खच पडला असेल तर ते स्प्रूस किंवा पाइन.

आणखी एक, लांबून बघायची खूण. देवदाराचा सर्वांत वरचा कोवळा शेंडा वाकलेला, झुकलेला असतो. फरचा ताठ. एका झाडावरून निकाल देऊ नका, दहा-पंधरा झाडं बघा.

---

विजापूररोड | १५ ऑक्टोबर, रात्री ८.५५

काका, हे वाचून सगळे फोटो पुन्हा मोठे करून बघितले. फोटो १ च्या कोपऱ्यात जमिनीवर त्रिकोणी, पंख्याच्या आकाराचे तपकिरी खवले पडलेत. मला तेव्हा सालीचे तुकडे वाटले होते, आमच्यातला एकजण तर त्यांना फळांची टरफलं म्हणत होता.

मग फोटो ५ चं काय? तो शंकू वीतभर लांब, किंचित वाकडा आणि हाताला चिकट होता.

---

रानवाटा | १५ ऑक्टोबर, रात्री ९.२०

तो कैल. लांब, वाकडा, राळेने माखलेला आणि अख्खा. कुणीतरी कुठूनतरी उचलून शोभेला ठेवला असणार. होमस्टेच्या खिडकीतला शंकू हा अधिवासाचा पुरावा नव्हे. 😄

---

पानगळ | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.३५

धागा उशिरा वाचला. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, आणि आमच्याकडे प्रयोगशाळेत पाइनशिवाय सूचिपर्णी म्हणून दाखवायला फारसं काही नसतं, म्हणून हा धागा मुलांनाही देणार आहे.

विजापूररोड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. खालचं आणि वरचं एकच का? माझ्या मते नाही. फोटो १-२ एबिस पिंड्रो, फोटो ३-४ एबिस स्पेक्टाबिलिस. पहिल्याला पश्चिम हिमालयी फर म्हणतात. दुसऱ्याला पूर्व हिमालयी म्हणतात खरं, पण ते अफगाणिस्तानापासून नेपाळपर्यंत पसरलेलं आहे, त्यामुळे नावावरून गढवालातून वगळू नका.

पिंड्रोच्या सुया फर वंशातल्या सर्वांत लांब सुयांमध्ये मोडतात. चार ते आठ सेंटीमीटर, कधी थोड्या जास्तच. त्या डहाळीच्या दोन्ही अंगांना मोकळ्या पसरलेल्या, खालचे पट्टे मळकट पांढरे. कोवळी डहाळी राखाडी ते फिकट तपकिरी आणि बिनलवेची. झाड चाळीस-साठ मीटरपर्यंत जातं, मुकुट अरुंद.

स्पेक्टाबिलिसच्या सुया आखूड, दीड ते सहा सेंटीमीटर, जास्त दाट बसलेल्या आणि खालचे पट्टे लख्ख पांढरे. डहाळी तांबूस तपकिरी, तिच्यावर खोलगट रेषा आणि त्या रेषांमध्ये बारीक लव. कळ्या मोठ्या, गोल, राळेने चिकट. मुकुट रुंद आणि सपाट होत जाणारा.

लव बघायला भिंग लागतं. पुढच्या वेळी दहापट मोठं करणारं भिंग खिशात ठेवा, मोबाईलच्या फोटोत ही लव बहुतेकदा येत नाही. तुमच्या फोटो ३ मध्येही मला ती दिसत नाही. सुयांची लांबी, पट्ट्यांचा पांढरेपणा आणि उंची या तिघांवरून मी स्पेक्टाबिलिस म्हणते आहे.

एक सावधगिरी. दोघांचे उंचीचे पट्टे जिथे मिळतात तिथे मधल्या गुणांची झाडं भेटतात. शिवाय आखूड सुयांचं एक फर आहे. त्याला काही जण पिंड्रोचाच प्रकार मानतात, काही जण एबिस गॅम्बली अशी वेगळी जाती धरतात. म्हणजे आखूड सुई दिसली की स्पेक्टाबिलिस, असं समीकरण मांडू नका. शेंड्याची डहाळी आणि सावलीतली खालची डहाळी यांच्याही सुया एकाच झाडावर वेगळ्या असतात. शेंड्याकडे त्या आखूड, जाड आणि वर वळलेल्या. नमुना कुठल्या फांदीचा हे लिहिल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

जुन्या पुस्तकांत स्पेक्टाबिलिसला एबिस वेबिआना म्हटलेलं सापडेल. हिमालयात सर्वेक्षण करणाऱ्या कॅप्टन वेबवरून ते पडलं. डेव्हिड डॉनने नेपाळच्या वनस्पतींचं वर्णन १८२५ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यातलं स्पेक्टाबिलिस हे नाव आधीचं, म्हणून आज तेच चालतं. पिंड्रोच्या शास्त्रीय नावापुढे ज्याचं नाव लिहितात तो रॉयल सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख होता.

---

शेंगाचटणी | १६ ऑक्टोबर, दुपारी १.०२

मॅडम, परीक्षा कधी हाय तेवढं सांगा.

---

पानगळ | १६ ऑक्टोबर, दुपारी १.१५

तुमची तोंडी घेणार आहे. फोटोतली सुई चिमटीत फिरेल का, एवढं सांगा.

---

शेंगाचटणी | १६ ऑक्टोबर, दुपारी १.१९

न्हाई फिरणार. चपटी हाय. पास का?

---

कोरडवाहू | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

देवदाराचा माझा दावा या फोटोंपुरता मागे. 🙏 पण एक विचारतो. चोपत्याला एका उतारावर हे जंगल गच्च आणि समोरच्या उतारावर गवत आणि ओक. उंची तीच, पाऊस तोच. मग असं का?

---

रानवाटा | १७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

खरं तर या प्रश्नाने धागा सुरू व्हायला हवा होता. सुया ओळखण्याआधी उतार ओळखला तर अर्धं काम तिथेच होतं.

फरला गारवा आणि ओल दोन्ही लागतं, तेही वर्षभर. हिमालयात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन तिरपं पडतं. बर्फ उशिरापर्यंत टिकतो, हळूहळू वितळतो आणि मे-जूनच्या कोरड्या दिवसांत मुळांना पाणी पुरवतो. दक्षिणेकडच्या उताराला ऊन थेट लागतं, बर्फ लवकर जातो, माती तापते. तिथे खरसू ओक, गवत किंवा थोडं खाली गेलं की चीड. दरीच्या दोन बाजू म्हणजे हवामानाचे दोन जिल्हे. आपल्याकडे उतारच नाहीत म्हणून हे डोक्यात बसायला वेळ लागतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, सगळं माळरान. नान्नजला माळढोक बघायला उभं राहिलं की उत्तर काय आणि दक्षिण काय, ऊन सारखंच.

उंचीची उतरंड साधारण अशी. दीड-दोन हजार मीटरपर्यंत चीड. त्याच्या वर देवदार आणि कैल, देवदार तीन हजारांच्या थोडं वरपर्यंत चढतो. पिंड्रो फर साधारण २४०० ते ३७०० मीटर, स्प्रूस त्याच पट्ट्यात. स्पेक्टाबिलिस तीन हजारांच्या आसपास सुरू होऊन चार हजारांकडे जातं. तुंगनाथचं देऊळ ३६८० मीटरवर, म्हणजे तुमची वाट एका फरच्या राज्यातून दुसऱ्या फरच्या राज्यात जाते. म्हणूनच दोन्ही एकाच दिवशी भेटली.

हे पट्टे काटेकोर नाहीत. थंड नाळेत फर खाली उतरतं, उन्हाच्या सोंडेवर देवदार वर चढतो. त्यामुळे नुसत्या उंचीवरून नाव ठेवू नका.

शेजारीही खूप सांगतात. पिंड्रोच्या जंगलात खरसू ओक, थुनेर, खाली रिंगाळ, म्हणजे बारीक बांबू. स्पेक्टाबिलिसच्या वरच्या टोकाला भोजपत्र आणि झुडपी बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. भोजपत्राची पांढरट, कागदी पापुद्रे सुटणारी साल दिसायला लागली की झाडांची हद्द संपत आली असं समजा. त्याच्या वर बुग्याल, म्हणजे उंचावरची कुरणं, चंद्रशिला शिखरापर्यंत नुसतं गवत आणि दगड.

आता जंगलात शिरल्यावर जी गच्च सावली लागते तिच्याबद्दल. दाट फरखाली ऊन पोचत नाही आणि सुयांचा जाड थर सावकाश कुजतो. त्या थरावर बी पडलं तरी कोवळ्या मुळाला मातीपर्यंत पोचता येत नाही. वरचा थर उन्हाळ्यात सुकला की रोप मरतं. बी चांगलं धरतं तेही दरवर्षी नाही, काही वर्षांच्या अंतराने. पडलेल्या कुजक्या ओंडक्यावर मात्र रोपं उगवलेली दिसतात. त्यात गुरं आली, रोपं तुडवली गेली की पुढची पिढीच नाही. मोठी झाडं उभी असल्याने जंगल भरलेलं वाटतं, म्हणून खाली कमरेएवढी रोपं आहेत का ते मी आधी बघतो. नसतील तर ते जंगल म्हातारं झालंय असं मी समजतो, मग वरून कितीही भव्य दिसो.

पूर्वी तोडही मोठी होती. फर आणि स्प्रूसचं लाकूड हलकं, पांढरट, वास नसलेलं. त्याच्या सफरचंदाच्या पेट्या व्हायच्या. औषध मुरवून रेल्वेचे स्लीपरही केले. उत्तर प्रदेशच्या तेव्हाच्या पहाडी भागात १९८१ मध्ये हजार मीटरच्या वर हिरवी झाडं व्यापारासाठी तोडायला बंदी आली, त्यामागे चिपकोचा रेटा होता. हिमाचलात पुढे पुठ्ठ्याची खोकी आली आणि पेट्यांचं लाकूड वाचलं. माझ्या मते बंदीइतकंच काम त्या खोक्यांनी केलं, पण हे कुणी ऐकून घेत नाही.

---

काढाचूर्ण | १७ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मी वैद्य आहे, शहरातच माझा दवाखाना आहे. तुम्ही सगळे ज्या झाडाच्या सुया मोजताय त्या आमच्या कपाटात बरणीत आहेत! तालीसपत्र. खोकल्यावरचं तालीसादी चूर्ण माहीत असेल, त्यातलं पहिलं द्रव्य हेच. सोबत मिरे, सुंठ, पिंपळी, वंशलोचन, वेलदोडा, दालचिनी आणि खडीसाखर. आयुर्वेदाच्या आजच्या ग्रंथांत तालीसपत्र म्हणजे एबिस वेबिआना, पानगळ मॅडमनी सांगितलेलं तेच जुनं नाव.

हा धागा माझ्या कामाचा यासाठी की बाजारात तालीसपत्र म्हणून थुनेराची पानंही येतात. मागे एका काष्ठौषधीच्या दुकानातून आलेला माल मी परत केला. दुकानदाराला फरक दाखवला तर म्हणाला, ताई, वरून असंच येतं.

फरक कळणं महत्त्वाचं आहे, कारण थुनेर विषारी आहे. त्यातल्या टॅक्सीन या द्रव्यांचा परिणाम थेट हृदयावर होतो. वाळलेल्या मालात असं बघते: फरच्या सुईचं टोक बोथट किंवा खाचदार, थुनेराचं अणकुचीदार. फरच्या सुईखाली पांढरे पट्टे वाळल्यावरही कळतात. थुनेराची खालची बाजू फिकट हिरवी-पिवळट, पांढरे पट्टे नाहीत. फरची सुई चोळली की राळेचा वास येतो, थुनेराच्या पानात राळच नसते.

रानवाटा काका, उभ्या झाडात अजून काही खूण?

---

रानवाटा | १८ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

उभ्या झाडात गोंधळ होऊच नये. थुनेर फरच्या छायेत वाढतं, बुटकं, वेडंवाकडं, साल तांबूस आणि पापुद्रे सुटणारी. त्याला लाकडी शंकू येत नाहीत. बी एकेकटं, भोवती लाल मांसल कप. फरची साल राखाडी. तरुण झाडावर ती गुळगुळीत आणि राळेचे फुगे आलेली असते, नखाने दाबला की फुगा फुटून चिकट राळ बाहेर येते. म्हाताऱ्या झाडावर सालीला खोल भेगा.

थुनेराची साल आणि पानं कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेल औषधासाठी इतकी ओरबाडली गेली की हिमालयात ते झाड धोक्यात आलं. त्यामुळे भेसळ दोन्हीकडून वाईट, खाणाऱ्याला आणि झाडालाही.

---

काढाचूर्ण | १८ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

धन्यवाद काका. वाचणाऱ्यांना विनंती, ट्रेकवरून सुया आणून घरी काढे करू नका. तुम्ही इथे फोटोवरून चार दिवस वाद घातलात, चुलीवर तेवढा वेळ मिळत नाही.

---

शेंगाचटणी | १८ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

मग आता माझा प्रश्न. होटगी रोडच्या एका नर्सरीत कुंडीत ख्रिसमस ट्री म्हणून एक झाड ठेवलंय. मजल्यामजल्यानं फांद्या, लै देखणं. नर्सरीवाला फर म्हणतोय. घेऊ का? आणि शाळेमागची सुरूची झाडं, ती पण ह्यांचीच पावणी का?

---

पानगळ | १८ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

कुंडीतलं ते ॲरोकेरिया असणार. प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटाचं. सूचिपर्णी आहे, पण फर नाही. फरची एकही जाती दक्षिण गोलार्धात मूळची नाही आणि हे झाड मूळचं तिथलंच. उष्णता फरपेक्षा बरीच सोसतं, म्हणून आपल्याकडे विकतात. कोवळं असताना एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या उन्हात ठेवू नका, टोकं करपतात.

सुरू तर सूचिपर्णीही नाही. ज्याला आपण सुया म्हणतो त्या सांधे असलेल्या हिरव्या काड्या आहेत. सांधा ओढला की सुटतो, तिथे बारीक दातांचं कडं दिसतं, ते दात म्हणजे पानं. त्याला फुलं येतात, म्हणजे नात्याने तो फरपेक्षा आंब्याला जवळचा.

सोलापुरात अस्सल सूचिपर्णी बघायचं तर मोरपंखी बघा. शाळांच्या, बंगल्यांच्या दारात दोन्ही बाजूंना असतं ते. पानं खवल्यांची, शंकू लहान, निळसर, टोकांना शिंगं असलेले. सह्याद्रीतसुद्धा आपल्या बाजूला मूळचं सूचिपर्णी झाड नाही. दक्षिणेकडच्या घाटांत नागेया नावाचं एक सापडतं, पण त्याची पानं रुंद आहेत, सूचिपर्णी म्हणून कुणी ओळखणार नाही.

फर मात्र इथे लावायला जाऊ नका. चाळिशी पार करणारा उन्हाळा, हिवाळ्यात गोठणं नाही, हवा कोरडी. एसीत ठेवूनही जमणार नाही.

---

शेंगाचटणी | १८ ऑक्टोबर, दुपारी १२.२८

एसीचं बिल भरण्यापरीस तुंगनाथला जाऊन येईन की ओ.

---

सातरस्ता | १९ ऑक्टोबर, रात्री ८.१०

नवीन सदस्य. आम्ही सहकुटुंब मे महिन्यात शिमला-नारकंडा जातोय. म्हातारे आई-वडील सोबत, ट्रेक शक्य नाही. गाडीतून उतरून फर आणि स्प्रूस दोन्ही बघायला मिळतील अशी जागा आहे का?

---

रानवाटा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.००

नारकंडाच उत्तम. गाव २७०० मीटरच्या आसपास, तिथून हाटू शिखराकडे गाडीरस्ता जातो. अरुंद आहे, स्थानिक चालक घ्या. त्या रस्त्याला रई आणि तोष दोन्ही लागतात, कधीकधी एकाच वळणावर शेजारी शेजारी. स्प्रूसच्या लहान डहाळ्या खाली लोंबतात, त्यामुळे झाड गळाल्यासारखं दिसतं. फरच्या फांद्या आडव्या आणि रंग जास्त काळपट. आई-वडिलांना गाडीजवळ बसवून एकेक गळून पडलेली डहाळी हातात द्या, खरखरीत कुठली आणि गुळगुळीत कुठली ते त्यांनाच ठरवू दे.

मे मध्ये फरचे शंकू नुकते धरलेले, अगदी लहान असतील आणि तेही शेंड्याला. दुर्बीण न्या. झाडाखाली अख्खे शंकू पडलेले दिसले तर ते मागच्या हंगामातले स्प्रूसचे.

---

विजापूररोड | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३५

फोटो १-२ ला एबिस पिंड्रो लिहून आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतोय. ३-४ ला लव दिसत नसल्याने नुसतं एबिस लिहितो आणि खाली उंची, उताराची दिशा नि शेजारी भोजपत्र होतं एवढी नोंद करतो. पानगळ मॅडम, चालेल ना?

---

पानगळ | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

चालेल. फांदी खालची होती की वरची, तेही लिहा. आणि फोटो ५ टाकू नका.